लॅपटॉप टीव्हीला जोडला, पण चित्र येईना गेलंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उदगीरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे माझं. प्रिंटरच्या तक्रारी सोडल्या तर सगळ्यांत जास्त फोन येतात ते लॅपटॉप टीव्हीला जोडण्याबद्दल. शाळेतल्या भिंतीवरचा टीव्ही, मंगल कार्यालयातला टीव्ही, मॅचच्या दिवशी अंगणात काढलेला टीव्ही. देवणी, जळकोट, मुखेडहून लोक टीव्ही गादीत गुंडाळून जीपमधून आणतात आणि इथं आल्यावर कळतं की रिमोटचं एक बटण दाबायचं होतं. म्हणून फोनवर जे सांगतो, तेच इथं लिहून ठेवलंय.

आधी एक गोष्ट. चित्र लॅपटॉपच्या आत तयार होतं, पोर्टातून, म्हणजे केबल खोचायच्या भोकातून, केबलमध्ये जातं, केबलमधून टीव्हीत जातं आणि टीव्ही ते आपल्या पडद्याच्या मापात बसवतो. यातल्या कुठल्या टप्प्यावर अडलंय, एवढंच शोधायचं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबलही नवी, सेटिंगही नवं, टीव्हीचं पोर्टही दुसरं, असं एकदम केलं तर चित्र आलं तरी कशानं आलं ते कळत नाही, आणि परवा पुन्हा गेलं की पहिल्यापासून सुरू.

टीव्हीवर ‘नो सिग्नल’ लिहून येतंय. टीव्ही बिघडला का?

‘नो सिग्नल’ असं लिहून दाखवतोय म्हणजे टीव्हीचा पडदा तरी ठणठणीत आहे. रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुट बटण दाबा. टीव्हीच्या मागं एचडीएमआयची (चित्र आणि आवाज एकाच केबलनं घेणारी) दोन-तीन भोकं असतात आणि प्रत्येकाजवळ बारीक अक्षरात नंबर असतो. केबल दोनमध्ये आणि टीव्ही एकवर, ही रोजची गोष्ट आहे. मोबाइलचा टॉर्च लावून नंबर वाचा, अंदाजानं सांगू नका.

मग केबलची दोन्ही टोकं काढून पुन्हा बसवा. भिंतीवरच्या टीव्हीत इथंच घोळ असतो. एकदा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, सकाळी साडेसातला एका शाळेतून फोन आला. झेंडावंदन झालेलं, पोरं वर्गात बसलेली, सरांनी स्वातंत्र्यसैनिकांच्या फोटोंची चित्रफीत बनवलेली आणि टीव्ही निळाशार. सरांनी लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला होता. मी गेलो, टीव्ही भिंतीपासून चार बोटं पुढं ओढला, तर केबलचं डोकं भिंतीला टेकून वाकलेलं आणि एका बाजूनं पोर्टाच्या बाहेर आलेलं. एचडीएमआयमध्ये १९ पिना असतात. त्यातल्या एक-दोन जरी टेकल्या नाहीत तरी चित्र येत नाही किंवा येतं-जातं. अशा ठिकाणी काटकोनात वळलेला जोड मिळतो, तो घ्या. फक्त आपल्या टीव्हीला वर वळणारा लागतो की खाली वळणारा, ते बघून घ्या.

केबल नीट बसली आणि तरी काही नाही? लॅपटॉपवर विंडोजचं बटण धरून पी दाबा. चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉपचा पडदा, डुप्लिकेट, एक्स्टेंड आणि फक्त दुसरा पडदा. डुप्लिकेट निवडा, म्हणजे दोन्हीकडं एकच चित्र.

तरीही काळंच असेल तर दोन्ही बंद करा, टीव्हीची पिन बोर्डातून काढा, मिनिटभर थांबा, केबल जोडून आधी टीव्ही आणि मग लॅपटॉप चालू करा. हा अंगारा-धुपारा नाही. टीव्ही जोडला की तो कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतो: माझं माप अमुक, मी सेकंदाला इतकी चित्रं दाखवू शकतो. ही ओळख अर्धवट पोचली की कॉम्प्युटर गप्प बसतो. बंद-चालू केल्यानं ती पुन्हा पहिल्यापासून होते. लॅपटॉप बंद न करता बघायचं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबा. पडदा क्षणभर काळा होतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे चित्राचं काम बघणारा प्रोग्राम, नव्यानं सुरू होतो. उघडलेली फाइल जात नाही.

डेस्कटॉप आहे, केबल पक्की आहे, तरी नो सिग्नल.

पेटीच्या मागं बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर एचडीएमआयची भोकं दोन ठिकाणी असतात. एक वर, माउस-कीबोर्डच्या पोर्टांजवळ, ते मदरबोर्डचं. दुसरं खाली आडव्या पट्टीत, ते कार्डाचं. केबल खालच्यात लावा.

टीव्हीवर वॉलपेपर दिसतो, पण आयकॉन नाहीत, फाइल उघडली तरी तिथं दिसत नाही.

हे एक्स्टेंड झालंय. बिघाड नाही. कॉम्प्युटरला वाटतंय की टीव्ही म्हणजे शेजारी मांडलेलं दुसरं टेबल. माउस उजवीकडं सरकवत नेला की तो लॅपटॉपच्या काठातून निघून टीव्हीवर जातो. विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट करा.

याचंच उलटं दुखणं म्हणजे टीव्ही काढून घरी आल्यावर एखादी फाइल उघडते पण दिसत नाही, कारण ती अजून त्या नसलेल्या टेबलावर पडलीय. ती चालू असताना विंडोज आणि शिफ्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबा, परत येते.

गुरुजी लोकांसाठी एक: पॉवरपॉइंट लावल्यावर पोरांना स्लाइडऐवजी तुमच्या टिपा दिसत असतील, तर स्लाइड शो चालू असताना डिस्प्ले सेटिंग्जमध्ये प्रेझेंटर व्ह्यूची अदलाबदल करायचा पर्याय असतो.

चित्राच्या चारही कडा कापल्या जातात. खालची पट्टी, घड्याळ काही दिसत नाही.

याला ओव्हरस्कॅन म्हणतात आणि याचं मूळ जुन्या डबा टीव्हीत आहे. त्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा कधीच सरळ यायच्या नाहीत, व्होल्टेज कमी-जास्त झालं की चित्र आखडायचं-पसरायचं. म्हणून कंपन्या चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीमागं लपवायच्या. नळी गेली, सवय राहिली. आजचा सपाट टीव्हीसुद्धा पुष्कळदा चित्र थोडं फुगवून दाखवतो. मालिका बघताना ते कळत नाही, कारण कडेला काही महत्त्वाचं नसतं. कॉम्प्युटरचं सगळं महत्त्वाचं मात्र कडेलाच असतं: स्टार्ट, घड्याळ, खिडकी बंद करायची फुली.

इलाज आधी टीव्हीत करा. पिक्चरच्या मेनूत पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशो शोधा. सॅमसंगमध्ये स्क्रीन फिट किंवा फिट टू स्क्रीन, एलजीमध्ये जस्ट स्कॅन, सोनीत डिस्प्ले एरियाखाली फुल पिक्सेल, अशी नावं असतात. मॉडेलप्रमाणं थोडा फरक पडतो. झूम वगैरे काही चालू असेल तर बंद करून १६:९ ठेवा.

काही स्वस्त टीव्हीत हा पर्यायच नसतो. तेव्हाच लॅपटॉपकडं वळा. ग्राफिक्सच्या सेटिंग्जमध्ये एएमडीला एचडीएमआय स्केलिंगची सरकपट्टी असते, एनव्हिडियाला डेस्कटॉपचं माप आणि जागा बदलायचा पर्याय असतो, इंटेललाही स्केलमध्ये सोय असते. यात लॅपटॉप चित्र लहान करतो आणि टीव्ही ते पुन्हा फुगवतो. कडा दिसतात, पण अक्षर थोडं पिचकतं. म्हणून टीव्हीतला उपाय पहिला.

उलट तक्रारही येते, चारही बाजूंनी काळी पट्टी. ती याच सरकपट्टीची करणी असते. आधी कुणीतरी ओव्हरस्कॅनसाठी ती सरकवलेली असते, ती शून्यावर आणा.

चित्र येतंय, पिक्चर छान दिसतो, पण अक्षरं धुरकट आहेत. डोळे दुखतात.

तीन कारणं. पहिलं, माप जुळत नाही. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीचा पडदा बहुधा १३६६ × ७६८ ठिपक्यांचा असतो, फुल एचडी १९२० × १०८० आणि फोर-के ३८४० × २१६०. डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा, टीव्ही निवडा आणि त्याच्या स्वतःच्या मापाचं रेझोल्यूशन ठेवा. अक्षरं फार बारीक झाली तर रेझोल्यूशन कमी करू नका, त्याच्याच वरचं स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. माप तेच राहतं, अक्षर मोठं होतं.

डुप्लिकेटमध्ये एक अडचण असते. दोन्ही पडद्यांना एकच माप लागतं, त्यामुळं लॅपटॉप १३६६ वाला असेल तर फुल एचडी टीव्हीवरही तेच ताणून दाखवलं जातं. अशा वेळी ‘फक्त दुसरा पडदा’ निवडून बघा, फरक लगेच दिसेल. आणि एचडी रेडी टीव्हीबद्दल खरं सांगायचं तर तो एचडीएमआयवर आपलं १३६६ चं माप पुष्कळदा मागतच नाही, ७२० किंवा १०८० मागतो आणि आत मोडतोड करून बसवतो. त्यावर एक्सेलचा तक्ता काचेसारखा स्वच्छ दिसणार नाही. यादीत १३६६ किंवा १३६० × ७६८ असेल तर ते घ्या, नसेल तर १२८० × ७२० लावा आणि अक्षर मोठं ठेवा.

दुसरं कारण टीव्हीची ‘सुधारणा’. दुकानात उठून दिसावा म्हणून टीव्हीत शार्पनेस, नॉइज रिडक्शन, डायनॅमिक मोड सगळं चढवलेलं असतं. शार्पनेस म्हणजे अक्षराभोवती पांढरी कड काढणं. ती शून्याकडं आणा, नॉइज रिडक्शन बंद करा.

तिसरं, रंगाची काटकसर. टीव्ही-व्हिडिओच्या जगात उजेडाची माहिती पूर्ण पाठवतात आणि रंगाची निम्मी-पाव, कारण डोळ्याला ते कळत नाही. चेहऱ्यावर कळत नाही, पण काळ्यावर लाल अक्षर लिहिलं की लगेच ओघळल्यासारखं दिसतं. त्यासाठी इनपुटच्या यादीत जाऊन त्या एचडीएमआयचं नाव किंवा चिन्ह ‘पीसी’ करा. सॅमसंग, एलजीमध्ये नुसतं हे नाव बदलल्यानं टीव्ही रंग पूर्ण घ्यायला लागतो आणि आतली बरीच ढवळाढवळ थांबवतो. माउस मागं-मागं ओढल्यासारखा वाटत असेल तर तोही सुधारतो. ज्या टीव्हीत असं नाव देता येत नाही तिथं गेम मोड लावून बघा.

लॅपटॉप जुना आहे, त्याला निळं व्हीजीए पोर्ट आहे. बाजारातून कन्व्हर्टर आणला, चालेना.

पैसे सगळ्यांत जास्त इथंच वाया जातात. व्हीजीए १९८७ सालचं, तीन ओळींत १५ भोकांचं. त्यातून चित्र लहरींच्या रूपात जातं. एचडीएमआयमधून ते आकड्यांच्या रूपात जातं. एकाचं दुसऱ्यात करायचं तर मधे यंत्र लागतं, आणि ते यंत्र एकाच दिशेनं चालतं. जुन्या लॅपटॉपच्या व्हीजीएतून टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये जायचं असेल तर ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ मागा. दुकानदार हातात देतो ते पुष्कळदा ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ असतं, कारण नव्या लॅपटॉपला जुना प्रोजेक्टर जोडणारे लोक जास्त. डबीवर इनपुट-आउटपुट लिहिलेलं असतं, तेवढं वाचून पैसे द्या. नुसती दोन टोकांची केबल, एका बाजूला व्हीजीए, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय आणि मधे डबीच नाही, अशी मिळाली तर परत करा.

योग्य कन्व्हर्टरला एक यूएसबीची शेपटी आणि एक आवाजाची पिन असते. यूएसबी लॅपटॉपला लावा, ती वीज घ्यायला असते. व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून ती दुसरी पिन हेडफोनच्या भोकात.

व्हीजीएचे रंग बिघडले तर कारण हातानं सापडतं. लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या पिनांतून जातात. चित्र पिवळं पडलं तर निळा तुटला, गुलाबी-जांभळं पडलं तर हिरवा. पिन वाकलीय का बघा आणि दोन्ही बाजूचे स्क्रू पिळा.

डबा टीव्हीला जोडता येईल का?

लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर मिळतो. कीर्तनाचा व्हिडिओ दिसेल. अक्षरं वाचता येणार नाहीत, त्या टीव्हीला उभ्यात ५७६ च ओळी दाखवता येतात. त्यावर खर्च करू नका.

लॅपटॉपला टाइप-सीचं भोक आहे. त्यातून चित्र जातं का?

जाईलच असं नाही. भोक सारखं दिसतं, पण आत चित्राची वायरिंग असेल तरच. भोकाजवळ डिस्प्लेपोर्टचं डी-पी चिन्ह किंवा विजेचं थंडरबोल्ट चिन्ह असेल तर जातं. चिन्ह नसेल तर मॉडेल नंबर इंटरनेटवर टाकून बघा आणि मगच ॲडॉप्टर घ्या. मोबाइलचंही तसंच.

चित्र मधेच काळं होतं आणि सेकंदभरात परत येतं. कधी पांढरे ठिपके चमकतात.

केबल. शंभरदा केबलच. पांढरे ठिपके म्हणजे आकडे वाटेत गळतायत, काळं होणं म्हणजे टीव्हीनं हात टेकले आणि पुन्हा ओळखपरेड सुरू केली. दीड-दोन मीटरची दुसरी केबल लावून बघा, थांबलं तर निकाल लागला.

लांबीला मर्यादा आहे. फुल एचडीला चांगली साधी केबल दहा मीटरपर्यंत निभावते, फोर-केला चार-पाच मीटरनंतर कुरकुर सुरू होते. हॉलमध्ये लांब न्यायची असेल तर प्रकाशावर चालणारी ऑप्टिकल एचडीएमआय केबल मिळते. तिला दिशा असते. एका टोकाला सोर्स आणि दुसऱ्याला डिस्प्ले लिहिलेलं असतं. एका मंगल कार्यालयात मी स्वतः ती उलटी ओढली, छताच्या वरून, शिडीच्या घोड्यावर चढून, दीड तास. वऱ्हाड जेवायला बसलं होतं. तेव्हापासून केबल ओढायच्या आधी जमिनीवरच जोडून बघतो.

फोर-के टीव्ही घेतला, पण माउस अडखळत चालतो.

डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ दिसेल. एचडीएमआयची जुनी आवृत्ती १.४ फोर-केला सेकंदाला ३० चित्रांवर थांबते, ६० साठी २.० लागतं, लॅपटॉप, केबल आणि टीव्हीचं पोर्ट तिन्ही. टीव्हीतही एक कुलूप असतं: एलजीत अल्ट्रा एचडी डीप कलर, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटमध्ये एनहान्स्ड. ते उघडा. लॅपटॉपच जुना असेल तर १०८० ला ६० हर्ट्झवर वापरा, डोळ्याला तेच बरं.

काळा रंग राखाडी दिसतो. किंवा अंधारातलं काहीच दिसत नाही.

कॉम्प्युटर काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ म्हणतो, टीव्ही १६ आणि २३५ म्हणतो. दोघांचं जमेना की चित्र फिकट होतं किंवा काळवंडतं. टीव्हीत एचडीएमआय ब्लॅक लेव्हल आणि ग्राफिक्स सेटिंगमध्ये फुल किंवा लिमिटेड असतं. दोन्ही सारखं करा.

सगळं दिसतं, पण पैसे भरून घेतलेल्या ॲपवरचा सिनेमा काळा. आवाज मात्र येतो.

कॉपी होऊ नये म्हणून त्या चित्राला एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. वाटेतल्या प्रत्येक वस्तूकडं त्याची किल्ली लागते. व्हीजीएचा कन्व्हर्टर किंवा स्वस्तातला स्प्लिटर मधे असेल तर किल्ली तुटते. सरळ एचडीएमआय केबल लावा. आणि ते ॲप टीव्हीतच असेल तर लॅपटॉप कशाला मधे घालता?

आवाज लॅपटॉपमधूनच येतो.

खाली घड्याळाजवळ स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा, यादीतून टीव्हीचं नाव निवडा.

रेझोल्यूशन बदललं आणि टीव्हीवर ‘मोड नॉट सपोर्टेड’ आलं. आता काहीच दिसत नाही.

हात लावू नका. काहीच दाबलं नाही तर विंडोज १५ सेकंदांत आपोआप जुन्यावर येतं. घाईत बदल कायम करून बसला असाल तर केबल काढून लॅपटॉपच्या पडद्यावरून बदला.

झाकण लावलं की टीव्हीही बंद होतो.

कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर ‘डू नथिंग’ करा. उन्हाळ्यात मात्र झाकण उघडंच ठेवा, आपल्याकडं मे महिन्यात लॅपटॉपला तशीच धाप लागते.

केबलशिवाय होतं का?

होतं. विंडोज आणि के दाबा, टीव्हीत स्क्रीन मिररिंग चालू करा. फोटो दाखवायला ठीक. चित्र मागून येतं, अडखळतं. शाळेत पाहुणे आलेले असताना यावर विसंबू नका, पाच मीटर केबल घ्या.

केबल लावताना हाताला झिणझिण्या येतात आणि चित्रावर आडवे पट्टे सरकतात.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. लॅपटॉपच्या चार्जरमधून थोडी वीज बाहेरच्या धातूवर झिरपते. ती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. बोर्डाला तिसरी तार नसेल, किंवा चार्जरची जाड पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कोंबली असेल, तर ती केबलच्या कवचातून टीव्हीकडं आणि तिथून छत्रीच्या (डिश अँटेनाच्या) तारेकडं वाट काढते. त्याचेच पट्टे दिसतात. लावता-काढताना अशी ठिणगी उडाली की पोर्ट जळतं.

तपासायला सोपं आहे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. पट्टे गेले तर दोष अर्थिंगचा. पट्टे राहिले तर छत्रीची तार सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. मग वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती वाळली की अर्थिंगची पट्टी असून नसल्यासारखी होते. पावसाळ्यात बरा चालणारा टीव्ही एप्रिलमध्ये पट्टे दाखवतो तो यामुळंही. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळाभर पाणी घालत राहावं लागतं. तोवर दोन्ही वस्तू एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ठेवा आणि केबल लावताना बोर्डाचा स्विच बंद करा.

लाईट जाऊन आली की चित्र गायब.

लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, टीव्ही मात्र विझून पुन्हा पेटतो आणि छत्रीच्या इनपुटवर जातो. सोर्स बदला. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर काही टीव्ही गुणगुणतात, रेषा दाखवतात. त्याला साइन वेव्हचा इन्व्हर्टर हाच उपाय.

वीज कडाडत असेल तर?

टीव्हीची पिन काढली, एवढ्यावर थांबू नका. छत्रीची तारही काढा आणि एचडीएमआयही. वळवाच्या पावसात छपरावर पडलेला झटका तारेतून बॉक्समध्ये, बॉक्समधून टीव्हीत आणि टीव्हीतून लॅपटॉपमध्ये येतो. दर वर्षी मे-जूनमध्ये असे लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात. बाकी सगळं चालतं, फक्त एचडीएमआय मेलेलं असतं. पोर्ट बदलून काही वाचतात. आतली चिप गेली असेल तर मदरबोर्डचंच काम निघतं, आणि जुन्या लॅपटॉपला ते परवडत नाही.

एवढं सगळं करूनही जमेना. दुकानात काय आणू?

टीव्ही आणू नका. लॅपटॉप, चार्जर, केबल आणि मधे जी डबी असेल ती आणा. टीव्हीच्या मागच्या पोर्टांचा एक फोटो आणि पडद्यावर जे दिसतं त्याचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. दुकानातल्या टीव्हीवर लॅपटॉप चालला तर केबल जोडून बघू, केबलही चालली तर मगच तुमच्या घरी येतो. गुरुवारी बाजाराची गर्दी असते, त्या दिवशी दुपारनंतर या.